गाठ सापडते, वाट सापडत नाही

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्याच वर्षी साऱ्या जगात या रोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आढळले आणि ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. म्हणजे जगात साधारण साडेतीन रुग्णांमागे एक मृत्यू, आणि आपल्याकडे दोघींमागे एक. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत ९० टक्के होते, भारतात ६६ टक्के. आपले कर्करोगतज्ज्ञ जगातल्या कोणाहून कमी नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयाचे संशोधन जगभर वाचले जाते. मग फरक पडतो कुठे? बहुतांशी तो वेळेत पडतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२०च्या अहवालानुसार स्तनाच्या कर्करोगाच्या ५७ टक्के रुग्णांमध्ये निदान झाले तेव्हाच रोग आसपासच्या भागात पसरलेला होता. ज्या रोगाची पहिली खूण हाताला लागते, तो रोग आपण इतक्या उशिरा ओळखतो, ही या राज्याने आणि देशाने स्वस्थ बसावे अशी गोष्ट नाही.

उशीर म्हटला की बोट लगेच बाईकडे वळते. तिने लपवले, तिने अंगावर काढले, तिला लाज वाटली. यात तथ्य नाही असे नाही. गाठ दुखत नाही म्हणजे गंभीर नसावी, हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. पेरणी, मुलांच्या परीक्षा, घरातले लग्न, सासूबाईंचे आजारपण हे सगळे उरकल्यावर स्वतःच्या शरीराची पाळी येते. पण ही उशिराची अर्धीच कहाणी झाली. उरलेली अर्धी तिने गाठ कोणाला तरी दाखवल्यानंतर सुरू होते. जवळचा डॉक्टर ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून गोळ्या देतो आणि महिनाभराने तालुक्याला जा म्हणतो. ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक नसतो. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीची पुढची तारीख मिळते. सोनोग्राफी झाली तर सुईच्या तपासणीसाठी वेगळा दिवस, तिच्या रिपोर्टसाठी आणखी वेगळा. प्रत्येक फेरीला एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याची मनधरणी. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. लक्षण जाणवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ गेलेल्या स्त्रियांमध्ये पाच वर्षे जगण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात दिसले. वर सांगितलेल्या फेऱ्यांमध्ये तीन महिने कधी सरतात ते कळतही नाही.

म्हणून आज आम्ही एका विशिष्ट पोकळीकडे लक्ष वेधू इच्छितो. हाताला लागलेली गाठ आणि तिचे नेमके नाव सांगणारी सुई या दोहोंच्या मध्ये एक तपासणी असते, ती म्हणजे स्तनाची सोनोग्राफी. ती वेळेत आणि नीट झाली तर पुढचा सगळा मार्ग सरळ होतो. ती झाली नाही, किंवा कशीबशी झाली, तर बाई भरकटते. सोनोग्राफीचे यंत्र आज महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात पोचले आहे. पण स्तनात गाठ लागलेल्या स्त्रीला ते मिळेलच, योग्य प्रोबसह आणि जाणत्या हातात मिळेल, याची हमी कोणीही देत नाही. ही हमी नसणे हाच खरा धोका आहे.

या तपासणीचे महत्त्व समजायचे तर आधी गाठीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्तनात लागणाऱ्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. काही नुसत्या पाण्याच्या असतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून सरकणारी, रबरासारखी घट्ट अशी फायब्रोॲडेनोमाची गाठ नेहमीची. बाळंतिणींमध्ये साकळलेल्या दुधाची किंवा पूची गाठ होते. अडचण ही की यातली कोणती कोणती आहे, हे अनुभवी बोटांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे दोन चुका होतात. एकीकडे निरुपद्रवी गाठ असलेली मुलगी महिनोन्‌महिने कर्करोगाच्या धास्तीत जगते किंवा नको असलेल्या शस्त्रक्रियेला सामोरी जाते. दुसरीकडे खरोखर कर्करोग असलेल्या स्त्रीला ‘काही नाही, जाईल आपोआप’ असे सांगून घरी पाठवले जाते. या दोघींना वेगळे करणारी चाळणी म्हणजे सोनोग्राफी.

विहिरीत हाक दिली की ती पाण्यावर आपटून परत येते, आणि परत येणाऱ्या आवाजावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. सोनोग्राफीचे तत्त्व तेच. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी प्रोबमधून शरीरात जातात, प्रत्येक थरावरून थोड्याथोड्या परततात आणि त्या परतीच्या लहरींतून पडद्यावर चित्र उमटते. पाण्याची गाठ काळीभोर, पातळ कडेची दिसते आणि तिच्यामागचा भाग उजळून निघतो, कारण पाण्यातून ध्वनी विनाअडथळा जातो. फायब्रोॲडेनोमा बहुधा लंबगोल, गुळगुळीत कडेचा आणि त्वचेला समांतर आडवा असतो. कर्करोगाची गाठ बहुतेकदा वेड्यावाकड्या, काटेरी कडेची असते, स्तनाच्या थरांना छेदत उभी वाढते आणि मागे गडद सावली टाकते. तोच प्रोब काखेकडे नेला की तिथल्या लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, हेही दिसते. यात किरणोत्सर्ग नाही, स्तन दाबला जात नाही, वेदना नाही. हात डोक्यामागे घेऊन झोपायचे, थंड जेली लावायची आणि काही मिनिटांत तपासणी पूर्ण.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात जॉन वाइल्ड हे डॉक्टर आणि जॉन रीड हे अभियंते यांनी १९५२च्या सुमारासच स्तनातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहण्याचे प्रयोग केले होते. तरी पुढची अनेक वर्षे डॉक्टर सोनोग्राफीला एवढेच विचारत राहिले, की गाठ पाण्याची आहे की भरीव? १९९५ साली थॉमस स्टाव्हरॉस आणि सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. त्यातल्या १२५ गाठी कर्करोगाच्या होत्या. काटेकोर निकष लावून सोनोग्राफीने ज्या ४२६ गाठी निरुपद्रवी ठरवल्या, त्यांत कर्करोगाच्या केवळ २ निघाल्या. म्हणजे भरीव गाठींमध्येही भली-बुरी ओळखण्याची ताकद या तपासणीत आहे, पण ती निकष पाळले तरच. २००३ पासून ‘बायरॅड्स’ या पद्धतीत स्तनाच्या सोनोग्राफीचे निकष आणि श्रेणीही ठरल्या. तिसऱ्या श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसते, पाचव्या श्रेणीत ती ९५ टक्क्यांच्या वर जाते, आणि चौथ्या व पाचव्या श्रेणीत बायोप्सी हवीच. इतकी स्पष्ट भाषा उपलब्ध असताना ‘डाव्या स्तनात गाठ दिसते, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असा दोन ओळींचा रिपोर्ट बाईच्या हाती ठेवणे म्हणजे तिला पुन्हा वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडणे होय.

आपल्याकडे या तपासणीचे मोल आणखी जास्त आहे, कारण भारतातल्या स्त्रियांना हा रोग पाश्चात्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. चाळिशी-पन्नाशीतल्या, कधी तिशीतल्याही स्त्रिया इथे रुग्ण असतात. या वयात स्तनाची ऊती दाट असते. मॅमोग्राफीच्या चित्रात दाट ऊती पांढरी दिसते आणि कर्करोगाची गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपून जाऊ शकते. म्हणूनच तिशीच्या आतल्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला गाठ लागली तर पहिली तपासणी सोनोग्राफीची, असा जगभरचा संकेत आहे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही हव्यात, कारण चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात आणि काही कर्करोगांची पहिली खूण तीच असते. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३ हजार स्त्रियांच्या चाचणीत मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग पकडण्याचे प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेले. तिथे ही तपासणी कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची होती. आपण तर गाठ हाताला लागलेल्या स्त्रीबद्दल बोलत आहोत. तिचा हक्क त्याहून कितीतरी ठळक आहे.

मग अडते कुठे? महाराष्ट्रातल्या सोनोग्राफीचा इतिहास गर्भलिंगनिदानाच्या इतिहासाशी घट्ट जोडलेला आहे. या राज्याने १९८८ साली देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे केवळ ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात तर ८०७. हा कायदा हवाच. तो एका इंचानेही सैल करावा असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा एक दुष्परिणाम नीट पाहायला हवा. सरकारी व्यवस्थेत सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची सोनोग्राफी, असे समीकरण होऊन बसले. यंत्र तिच्यासाठी, तारीख तिच्यासाठी, नोंदवही तिच्यासाठी. एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करता यावी म्हणून २०१४ साली सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. त्यांचा अभ्यासक्रम पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचा आहे. स्तन त्यात नाही.

प्रोबचाही प्रश्न आहे. गर्भ पाहायला कमी वारंवारतेचा, वक्र प्रोब लागतो, कारण ध्वनी खोलवर पोचवायचा असतो. स्तनातली गाठ त्वचेपासून काही सेंटिमीटरवरच असते; तिचे बारकावे पाहायला १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा, सरळ कडेचा लिनियर प्रोब हवा. पोटाच्या प्रोबने स्तन पाहिला तर लहान गाठ पुसट दिसते, पाण्याची गाठ भरीव वाटू शकते आणि कर्करोगाची काटेरी कड गुळगुळीत भासते. प्रोब बदलणे म्हणजे नवे यंत्र घेणे नव्हे. बहुतेक यंत्रांना दुसरा प्रोब जोडता येतो. नवे यंत्र देताना हा प्रोब सोबत घ्यायचा, जुन्या यंत्राला तो वेगळा पुरवायचा, एवढीच ही बाब आहे. मात्र ती कोणाच्याही जबाबदारीत लिहिलेली नसेल तर वर्षानुवर्षे तशीच राहते.

या विसंगतीचे सर्वांत बोचरे रूप बाळंतिणीमध्ये दिसते. गरोदरपणात तिची सोनोग्राफी अनेकदा होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तिला डॉक्टरांसमोर आणले जाते. तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले जाते. पण तिच्या स्तनात गाठ आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि तिने स्वतः सांगितले तरी ‘दूध साकळले असेल, शेक घे’ हेच उत्तर बहुधा मिळते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर होणारा स्तनाचा कर्करोग विरळा असला तरी तो उशिरा सापडतो तो नेमका याच उत्तरामुळे. दोन आठवड्यांत न विरघळणारी कोणतीही ‘दुधाची गाठ’ सोनोग्राफीच्या टेबलावर यायला हवी. ती खोली, ते यंत्र आणि तो डॉक्टर त्या बाईपासून दहा पावलांवर असतात. तिला तिथे न नेण्याचे एकही सबळ कारण नाही.

सरकारला हे माहीत नाही असेही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा आराखडा प्रसिद्ध केला. ३० ते ६५ वयाच्या स्त्रीचे स्तन दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य सेविकेने तपासावेत, आणि संशय आला तर सामुदायिक आरोग्य केंद्रातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकाने सोनोग्राफीने खात्री करून गरजेनुसार बायोप्सी करावी, असे त्यात लिहिले आहे. आराखडा उत्तम आहे. पण केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के होती. जो शल्यचिकित्सक नाही, त्याने नसलेल्या प्रोबने गाठीची खात्री करायची, असा हा आराखडा जमिनीवर उतरतो. आणि पहिली पायरीही फारशी चढलेली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, कर्करोगासाठी आपले स्तन एकदा तरी तपासले गेले असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात ०.९ टक्के निघाले. शंभरात एकही नाही.

आता आशा आणि आरोग्य सेविकांकरवी ही तपासणी वाढवण्याची भाषा सुरू आहे. ती वाढलीच पाहिजे. हाताने केलेली तपासणी किती परिणामकारक ठरू शकते, याचा पुरावा मुंबईनेच जगाला दिला. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. तो २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटातल्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी तपासले. त्या गटात रोग अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र तसा परिणाम दिसला नाही. या अभ्यासाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. सेविकेच्या हाताला गाठ लागली की त्या स्त्रीला थेट टाटा रुग्णालयात पाठवले जात होते. तिथे तपासणीची यंत्रे होती, सुई होती, पॅथॉलॉजिस्ट होता, उपचार होते. सेविकेच्या बोटांना यश आले, ते त्यांच्यामागे ही सारी साखळी सज्ज होती म्हणून. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या सेविकेच्या मागे अशी साखळी उभी न करता नुसत्या गाठी शोधण्याचे लक्ष्य तिला दिले, तर आपण हजारो स्त्रियांना भीती देऊ आणि उत्तर देणार नाही. मग पुढच्या वेळी ती स्त्री सेविकेला दारातूनच परत पाठवेल, आणि त्यासाठी तिला दोष देता येणार नाही.

साखळी तुटली की तिच्या जागी काय येते, तेही पाहू. गाठ लागली की कोणतीही तपासणी न करता ‘आधी काढून टाकू, मग बघू’ म्हणणारे छोट्या शहरांत आजही आहेत. काही वेळा काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवलीही जात नाही. ती कर्करोगाची असेल तर अर्धवट शस्त्रक्रियेने पुढचे उपचार अवघड होतात, काखेचा अंदाज बिघडतो, आणि जिथे स्तन वाचवता आला असता तिथे तो वाचत नाही. सोनोग्राफीने गाठ पाहून, त्याच वेळी पडद्यावर नजर ठेवून जाड सुईने तुकडा घेतला तर बहुतेक स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेआधीच नेमके निदान होते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती खोटी आहे. ती खोटी आहे हे डॉक्टरांनीच बाईला आणि तिच्या घरच्यांना समोर बसवून सांगायला हवे, कारण या एका गैरसमजापायी आजही कित्येक जणी बायोप्सीच्या टेबलावरून उठून घरी जातात.

सोनोग्राफीवर आंधळा विश्वासही नको, हे आम्ही तितक्याच आग्रहाने सांगतो. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर अवलंबून असते. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा आक्रमक कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये पाश्चात्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो, आणि त्याची गाठ कधीकधी गोल, गुळगुळीत, अगदी फायब्रोॲडेनोमासारखी दिसते. म्हणून हाताची तपासणी, प्रतिमा आणि सुई या तिन्हींचा निष्कर्ष एकमेकांशी जुळला पाहिजे. हाताला संशयास्पद लागलेली गाठ सोनोग्राफीत ‘नॉर्मल’ आली म्हणून फाइल बंद करता येत नाही. तसेच तिसऱ्या श्रेणीतल्या गाठीला ‘सहा महिन्यांनी परत या’ हा पुस्तकातला सल्ला ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला देताना विचार करायला हवा. सहा महिन्यांनी ती सांगलीत असेल की कर्नाटकात, हे तिलाही ठाऊक नसते. जी परत येऊ शकणार नाही, तिची बायोप्सी त्याच दिवशी करणे शहाणपणाचे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्तनाच्या कर्करोगासाठी तीन उद्दिष्टे देशांपुढे ठेवली. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावे, स्त्री दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि ८० टक्के स्त्रियांनी उपचार पूर्ण करावेत. यातले मधले उद्दिष्ट, साठ दिवसांचे, हेच या राज्याच्या हाती सर्वांत आधी येण्यासारखे आहे. त्यासाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली मागणी मुदतीची. स्तनात गाठ असल्याचे सांगत कोणतीही स्त्री सरकारी दवाखान्यात आली, तर पंधरा दिवसांच्या आत तिची स्तनाची सोनोग्राफी आणि साठ दिवसांच्या आत निदान, अशी लेखी हमी राज्याने द्यावी. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस ‘गाठ तपासणी दिन’ म्हणून ठरवावा आणि त्या एकाच दिवशी हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज असल्यास सुई उरकावी. तीन फेऱ्यांची एक फेरी झाली, की गळणाऱ्या स्त्रिया आपोआप कमी होतील.

दुसरी मागणी साधनांची आणि माणसांची. सरकारी खर्चाने घेतलेल्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला लिनियर प्रोब असावा. रेडिओलॉजिस्ट कमी आहेत हे खरे. पण रवांडासारख्या गरीब देशाने बुटारोच्या रुग्णालयात सर्वसाधारण डॉक्टर आणि परिचारिकांना स्तनाची सोनोग्राफी शिकवून मार्ग काढला. आपल्या कायद्यानुसार यंत्र चालवण्याचा अधिकार पात्र डॉक्टरांनाच आहे, आणि तो तसाच राहावा. परंतु नोंदणीकृत, पात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात स्तनाचा भाग जोडायला, आणि त्यांनी काढलेल्या प्रतिमा वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाने दुरून तपासायला काहीही आड येत नाही. रिपोर्ट बायरॅड्स श्रेणीसह आणि गाठीची जागा, माप व काखेची स्थिती नोंदवून मराठीतल्या एका स्पष्ट वाक्याने संपावा: पुढे काय करायचे, कुठे आणि कधी.

तिसरी मागणी कायद्याच्या नावाखाली होणारी टाळाटाळ थांबवण्याची. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात गरोदर नसलेल्या स्त्रीच्या स्तनाच्या सोनोग्राफीला मनाई नाही. ‘एफ’ अर्ज भरावा लागतो तो गरोदर स्त्रीसाठी. हलवता येण्याजोग्या यंत्रांवर २०१२च्या नियमांनी बंधने घातली, तरी इतर आरोग्य सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात ते वापरण्याची मुभा ठेवली आहे. आरोग्य विभागाने हे सारे एका परिपत्रकात लिहून जिल्ह्या-जिल्ह्यात पाठवावे, म्हणजे ‘कटकट नको’ म्हणून बाईला परत पाठवणाऱ्यांची सबब संपेल.

चौथी मागणी पैशाची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना कर्करोगाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचारांचा भार उचलते. पण निदानापर्यंतच्या तपासण्या बाहेरून कराव्या लागल्या तर तो खर्च बहुधा घरातूनच होतो, आणि याच टप्प्यावर अनेक कुटुंबे थांबतात. गाठीची सोनोग्राफी आणि बायोप्सी, त्यात शेवटी कर्करोग निघो वा न निघो, योजनेत यायला हवी. लवकर सापडलेल्या कर्करोगाचा उपचार पसरलेल्या कर्करोगाच्या उपचारापेक्षा स्वस्त पडतो, हे हिशेबाच्या वहीलाही पटेल.

पाचवी मागणी नोंदीची. कर्करोग मोजण्याची शिस्त या देशाला महाराष्ट्राने लावली. १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात पहिली ग्रामीण नोंदणी. त्याच महाराष्ट्राने आता दिवस मोजायला शिकावे. गाठ सांगितल्याची तारीख, सोनोग्राफीची तारीख, बायोप्सीची तारीख आणि उपचार सुरू झाल्याची तारीख, या चार नोंदी प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे हव्यात आणि त्यांची जिल्हावार सरासरी दर सहा महिन्यांनी जनतेसमोर यायला हवी. जे मोजले जात नाही, त्यासाठी कोणी उत्तरदायी ठरत नाही.

आणि घराघरांतल्या माणसांनाही दोन शब्द. आई, बहीण, बायको, सून यांपैकी कोणी ‘छातीत गाठ लागते’ म्हणाली तर तो तिच्या एकटीचा प्रश्न नाही. घाबरू नका, कारण बहुतेक गाठी साध्या असतात. पण थांबूही नका, कारण साधी कोणती हे घरी बसून कोणालाच कळत नाही. तिला घेऊन जा, सोनोग्राफी मागा, रिपोर्टवर श्रेणी लिहिली आहे का विचारा, आणि सुई सुचवली तर तिला हिंमत द्या.

पण कुटुंबाने हात धरून आणलेल्या बाईसाठी दार उघडे ठेवणे हे सरकारचे काम आहे. यंत्रे आहेत, शास्त्र सत्तर वर्षे जुने आहे, निकष ठरलेले आहेत, मुंबईच्या वस्त्यांतून आलेला पुरावा हाताशी आहे. उरला आहे तो एक निर्णय आणि त्याची तारीख. आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात साठ दिवसांच्या हमीची ही तारीख सभागृहात जाहीर करावी, आणि ती पाळली गेली की नाही याचा हिशेब त्याच सभागृहात दर सहा महिन्यांनी द्यावा.